एकेचाळीस नावं

सावर्ड्याच्या काट्यावर ट्रक चढायचे
तेव्हा मी आकडा वाचायचो,
भरलेला इतका, रिकामा इतका,
चलन फाडायचो, पुढचा.
खाण थांबली. काटा अजून आहे,
त्यावर आता कुत्री झोपतात,
आकडा हलत नाही.

मग मी नावं विकत घ्यायला लागलो.

सुलक्षाला समजावताना दोन चहा थंड झाले.
डोमेन म्हणजे पाटी, गं.
कुणी अजून न काढलेल्या दुकानाची पाटी
आपण आधीच लिहून ठेवायची
आणि तो माणूस येईस्तोवर थांबायचं.
‘आणि नाही आला तर?’
तर दरसाल, दर नावामागे, नऊशे रुपये.
‘कुणाला?’
समुद्रापलीकडे एक कंपनी आहे, तिला.
हे बोलताना माझाच आवाज मला बारीक वाटला.

माझे वडील मुंडकार होते.
घर आमचं, खालची जमीन भाटकाराची.
पाडेली उतरला की नारळ ओढून द्यायचे,
फेस्ताला कोंबडा,
आणि हाक आली की हातातलं टाकून जायचं.
कायदा आला, मामलेदाराकडे अर्ज गेला,
निकाल लागला तो ते गेल्यावर सात वर्षांनी.
ते आज असते तर म्हणाले असते,
म्हणजे तूही मुंडकारच की रे.
फक्त माड नाहीत.

भांडवल अठरा हजार, काट्यावरच्या हिशेबातलं शेवटचं.
पहिल्या वर्षी मी मला आवडलेली नावं घेतली.
ती फक्त मलाच आवडत होती.
चांदणं, शिंपले, निळाई असली,
मार्चमध्ये एकेक सोडून दिली,
सोडताना बटणसुद्धा दाबावं लागत नाही,
नुसतं पैसे भरायचे नाहीत.

विकतं ते कंटाळवाणं.
दाताचा दवाखाना. भाड्याची स्कूटर.
टाकी साफ करणारे, फोंडा.
दोन वर्षांत अकरा गेली,
त्यात एक दाबोळीच्या टॅक्सीवाल्याला, हप्त्याने,
तिसरा हप्ता अजून यायचाय.
तांदूळ मात्र सुलक्षाच्या पगारातूनच येतो, काजूच्या फॅक्टरीतल्या.

रात्री उशिरा सुटलेली नावं खाली पडतात.
कुणी भरायला विसरलेलं, कुणाचं हॉटेल बुडालेलं,
कुणी मेलेलं, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेलेला.
मी टॉर्च घेऊन आंबे वेचावेत तसा बसतो.
अशाच एका रात्री सापडलं
भाटकाराच्या घराचं नाव.
नातीने तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या,
मग ती स्विंडनला गेली
आणि नऊशे रुपये राहून गेले.

मी ते घेतलं. का, ते विचारू नका.
चार महिन्यांनी तिचं पत्र आलं, फार सभ्य:
आमच्या आजोबांच्या घराचं नाव आपल्याकडे आहे असं दिसतं,
आपली अपेक्षा काय?

अपेक्षा.
पडवीत कुणी आम्हाला हा शब्द विचारला नव्हता.
मी साठ लिहिलं, खोडलं. फुकट लिहिलं, तेही खोडलं,
वीज बिल समोरच होतं.
पंचेचाळीस म्हटलं. ती तीस म्हणाली.
छत्तीस हजाराला सुटलं.
‘ग्रासियस’ असं काहीतरी लिहिलं नाही तिने,
नुसतं थँक्यू, आणि माझं आडनाव.
आडनाव तिने ओळखलं की नाही, कळलं नाही.

उरली चाळीस. नऊशेने गुणलं:
छत्तीस हजार.
‘आलं तेवढंच गेलं,’ सुलक्षा म्हणाली.
काजूच्या चिकाने काळवंडलेली बोटं
ती खोबरेल लावून घासत होती.
‘वाच बघू, काय काय उरलंय.’
मी यादी वाचत गेलो, ती नाही नाही म्हणत गेली,
एकोणिसाव्यावर थांबली.
छप्परगळती डॉट इन.
‘हे जाईल,’ म्हणाली. ‘मे संपायच्या आत.
आणि पन्नासच्या खाली उतरू नकोस.’